मागच्या सीटवर एमरिस

एकच सायकल, पेडलं चार.
पुढं मी, मागं एमरिस प्यू,
वय एक्याऐंशी, डोळे जाऊन नऊ वर्षं.
डोलगेथ्लायपासून समुद्रापर्यंत
वाटेत एकही मोटार नाही,
कारण ही वाट मुळात रुळांची.
रूळ उपटले तेव्हा हा इथंच
पोरसवदा फाटकवाला होता.

"आता डावीकडं," तो आधीच सांगतो,
हँडल माझ्या हातात असून.
मी आपली मेंढ्या दिसल्या की घंटी वाजवते.

पेनमाइनपूलला थर्मास उघडला.
"पाणी कुठल्या रंगाचं आहे आज?"
पाणी कुठलं? नुसता चिखल,
मधून चिंचोळी चमकती रेघ,
आणि एक बगळा, कंटाळलेला.
इंग्रजीत सांगायला गेले, अडखळले.
"तुझ्या भाषेत सांग की."
म्हटलं, ओहोटी.
त्यानं तो शब्द
खडीसाखरेसारखा तोंडात घोळवला.
ओ. हो. टी.
मग चहा मागितला, साखर कमी म्हणून कुरकुरला.

पुढं बार्मथचा लाकडी पूल.
चाकांखाली फळ्या खडखडू लागल्या
तशी मागची पेडलं थांबली.

"चार-वीसची," तो म्हणाला.

मी सायकल कडेला घेतली.