न नळाचा

बदलीचा कागद दोन ओळींचा होता.
मालमत्ता करातून उचललं, वॉर रूममध्ये बसवलं.
मुलुंडच्या वॉर्ड ऑफिसात, पहिल्या मजल्यावर,
थकबाकीदारांच्या फायली जिथे होत्या
तिथे सहा फोन आणि एक फळा.
फळ्यावर रोज सकाळी खडूने: उपलब्ध खाटा.
त्यापुढे आकडा. बहुतेक वेळा
गोल.

पहिल्या आठवड्यात मी म्हणायचे,
"थांबा हं, बघते, आत्ता तरी नाही."
दुसऱ्यात, "नाही हो."
मग नुसतं नाही.
रडणाऱ्याला नाही, शिव्या देणाऱ्याला नाही,
नगरसेवकाचं नाव घेणाऱ्यालाही तेच,
त्यातल्या त्यात जरा बरं वाटून.

दुखणं कानापाशी सुरू झालं.
वाटलं, हेडफोन घट्ट आहे.
मग जांभई अर्ध्यावर अडायला लागली,
वाकड्या झाकणाच्या डब्यासारखी.
पोळी दुधात कुस्करली. मग पेज.
शाल्मली दाराबाहेर ताट ठेवायची
आणि दाराबाहेरूनच एका सकाळी म्हणाली,
"आई, रात्रभर तू काय दळतेस?"

जात्यातले रडतात, सुपातले हसतात
ही म्हण मला शाळेपासून पाठ.
जात्याचं काय होतं
ते म्हणीत नाही.

वैशालीनगरचे कोचरेकर
बायकोसाठी अकरा वेळा फोन.
बाराव्यांदा खाटेचं विचारलंच नाही. म्हणाले,
"आवाज बसलाय तुमचा, मॅडम.
मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा."
पहाटे पावणेचारला एक खाट सुटली.
(सुटली म्हणजे कशी, ते आम्ही एकमेकांना विचारत नसू.)
मी नंबर लावला.
"आता नको," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाला द्या."
मी "बरं" म्हटलं.
आणखी काही म्हणायचं होतं,
पण दातखीळ ही काही नुसती बोलण्याची रीत नाही,
ती खरोखर बसते.

डॉक्टर कुंदा नाबरांचा दवाखाना बंद.
मोबाइलच्या पडद्यावर त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं.
"तोंड उघडा. उभी बोटं किती मावतात?"
"दीड."
"दात एकमेकांना भेटावेत ते जेवताना.
बाकी वेळ त्यांनाही सुरक्षित अंतर हवं."
विनोद होता. हसले असते,
पण हसताना डावीकडे कळ जायची.
"आता न म्हणा.
नळाचा न.
म्हटलात? जीभ तिथेच राहू द्या.
ओठ मिटलेले, दात सुटे.
ही जबड्याची विश्रांती."

मी पडदा बंद केला आणि बसून राहिले.
दिवसाला दीडशे वेळा मी न म्हणत होते.
विश्रांतीच्या दारापाशी जीभ नेऊन
दीडशे वेळा पुढे ढकलत होते,
ही म्हणून.

आता परत मालमत्ता कर. खिडकी क्रमांक चार.
दाढ सपाट झाली आहे, शेंगदाणे उजवीकडून.
मागच्या मंगळवारी एक अर्ज आला,
मयताचे नाव कमी करण्याबाबत.
कै. निर्मला कोचरेकर.
पत्ता वैशालीनगर.
अर्जदार माझ्यासमोर, हातात छत्री,
चेहरा मी कधीच पाहिला नव्हता.
मृत्यूचा दाखला, पावती, झेरॉक्स, सगळं नीट टाचलेलं.
"आणखी काही कागद लागेल?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं.
थोडं जास्त वेळ.
मग सहीसाठी माझं पेन मागितलं,
आणि जाताना चुकून घेऊन गेले.

दोन बोटं मावतात हल्ली.
सकाळी ब्रश करताना कानाजवळ कट् होतं,
शाल्मलीला बाहेरच्या खोलीत ऐकू जातं.
ती आता विचारत नाही.