पंधरा वर्षं चार महिने

मात्रोना पहिल्यांदा आली तेव्हा
पंधरा वर्षं चार महिन्यांची होती.
पायात भावाचे बूट, पुढे मोज्यांचे बोळे कोंबलेले.
म्हणाली, वासिली, विमान चालवायला
सुरुवात कुठून करतात?

मी इंधन भरणारा माणूस.
कुस्कोक्विम गोठली की तिच्यावरून गाड्या जातात,
वितळली की होड्या,
आणि धड ना बर्फ धड ना पाणी अशा आठवड्यांत
आमच्या गावाला फक्त ही खडीची धावपट्टी.
मी तिच्या हातात झाडू दिला.

तोंड पडलं तिचं.
पंखावर मिठाएवढं दंव राहिलं तरी
विमान उडणं विसरतं, मी म्हणालो.
ती गेली नाही.
उणे वीस असताना उजव्या पंखापासून झाडत गेली.

मग टाकीच्या तळातून पेलाभर इंधन काढायला शिकवलं,
उजेडाकडे धरायला.
पाणी असलं तर खाली मण्यासारखं बसतं.
निळं दिसायला हवं, निळं.
निळा मला दिसतो.
लाल आणि हिरवा हरवतात.

तिच्याएवढा होतो तेव्हा मीही गेलो होतो
बेथेलच्या डॉक्टरकडे, दोन उन्हाळ्यांचे पैसे खिशात.
त्यानं ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. आकडा वाच.
ठिपके होते. नुसते ठिपके.
पान उलटलं. पुन्हा ठिपके.

म्हणून तिला सांगितलं, आधी डोळे, मग पैसे.
ती बेथेलहून परतली
आणि मी नळी गुंडाळत असताना
हळूच म्हणाली, बारा. आठ. एकोणतीस.
जणू चोरी केली होती तिनं.

उन्हाळाभर सॅमन कापले, हिवाळ्यात शाळेची भांडी घासली.
आठवडाभराच्या कमाईत
विमानाचा अर्धा तास येतो, तोही हवामान बरं असेल तर.
हाल्वर्सनबाई महिन्यातून एकदा यायची शिकवायला.
वहीतली पहिली नोंद: शून्य पूर्णांक सहा.
छत्तीस मिनिटं.
ती दाखवायला बर्फातून पळत आली, पडली,
वही मात्र वर धरलेली.

गणित तिला नकोसं होतं.
पण टपालाची पोती, कुत्र्यांचं खाणं
आणि म्हातारी ओलिंका एकाच विमानात जाणार,
तर प्रत्येकाचं वजन मोठ्यानं सांगावं लागतं.
एकशे ब्याण्णव, ओलिंका ओरडली, बुटांसकट!
मात्रोनानं लिहिलं, बेरीज केली,
खोडली, परत केली,
आणि एक पोतं मागून पुढे ओढलं.
वैमानिकानं तिची बेरीज तपासली
आणि काही न बोलता दार लावलं.

सोळा पूर्ण झाली त्या दिवशी धुकं.
दुसऱ्या दिवशी धुकं.
अकरा दिवस ती खिडकीशी बसून
वाऱ्याची मोजडी बघायची,
जी धुक्यात दिसतही नव्हती.

बाराव्या दिवशी हाल्वर्सनबाई विमानातून उतरली,
बाहेरून दार लावलं,
आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, हात बगलेत.
तीन फेऱ्या.
तिसऱ्यांदा चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली.
बाई म्हणाली, हूं.
मग रिवाजाप्रमाणे पोरीच्या शर्टाचं मागचं टोक कापलं,
त्यावर तारीख लिहिली.

ते फडकं हातात घेऊन तिची आई बराच वेळ उभी होती.
चांगला शर्ट होता.

आमच्यात पोरानं पहिला सील मारला
तर तो घरात ठेवत नाहीत, वाटून टाकतात.
रविवारी ती आपल्या ओट्यावर चढली
आणि खाली जमलेल्या बायकांवर
चहाची पाकिटं, सुया, दोऱ्याची रिळं फेकू लागली.
कुणी विचारलं, शिकार कुठली?
तीन फेऱ्या, ती म्हणाली,
आणि साबणाच्या वड्या फेकल्या.

पुरुषांनी तिथं जायचं नसतं.
माझा वाटा बहिणीनं आणला, लोकरीचे मोजे.
एकाचा रंग एक, दुसऱ्याचा दुसरा, असं पोरं म्हणतात.
असेल.
ऊब सारखीच आहे.

आज रात्री आभाळ स्वच्छ आहे, म्हणजे सकाळी दंव.
झाडू मी दाराशी ठेवला होता.
आत्ता बघतो तर नाही.