गोटी पाना

"घरासाठी की धंद्यासाठी?"
लक्ष्मीपुरीत मगदूम अण्णांनी विचारलं
ते ह्यांच्याकडं बघून.
हे उजवा हात खिशात घालून उभे.
खिशातसुद्धा तो हात थांबत नाही,
विजारीचं कापड थरथरत राहतं,
इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ पत्रा थरथरतो तसं.

"तिला इचारा," हे म्हणाले,
"पाना आता तीच धरनार हाय."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

तेवीस वर्षं फुलेवाडी नाक्यावर
मी फक्त वही धरली.
कुणाची लुना, कुणाची क्लचप्लेट,
कुणाचे पैसे उसाचं बिल आल्यावर.
ग्रीस माझ्यापर्यंत आलं ते धुण्यातनंच.

पहिली पेटी निळी, चौऱ्याण्णव नगांची,
झाकणावर हसरा गोरा माणूस, हात कोरे स्वच्छ.
हे डाव्या हातानं एकेक नग उचलून बघत गेले.
"ह्यातल्या साठ तर नुसत्या टोच्या.
पलंग जोडायचा, पंख्याचा नट आवळायचा,
वर्सातनं दोनदा,
तेवढ्याला ही पेटी ब्येस.
आपल्याकडं लोक रडत येत्यात, अण्णा. गाडी ढकलत."

मग दुसरी. आतनं बारा कोनी.
"ही पटकन बसती.
पन गंजल्या नटाचं कोपरं खाती.
नट एकदा गोल झाला की मागनं छिन्नी, हातोडा आन् शिव्या.
सहा कोनी घे.
नटालाबी सहाच अंगं असत्यात."

रॅचेट हातात दिला नि म्हणाले, "डोळं मीट. कानानं घे."
मी मिटले.
एक वाजला कटाक, कटाक,
शाळेच्या जुन्या घड्याळाला किल्ली देतात तसा.
दुसरा रातकिड्यासारखा, बारीक, न तुटता.
"हा," मी म्हटलं.
"का?"
"दात बारीक हैत. सायलेन्सरच्या मागं
हात बोटभर हलला तरी नट पुढं सरकंल."
अण्णांनी ह्यांच्याकडं बघितलं.
हे छताकडं बघत होते.

चौदाची गोटी चौकोनावर दाबली,
सोऱ्यात चकलीची ताटली बसते तशी
टक्कन बसली.
हा आवाज मला माहीत होता की!
दर दिवाळीला ऐकत आलेय.

अण्णांनी दांडा काढला तो ह्यांच्या मापाचा, आखूड.
मी म्हटलं, लांब द्या.
माझ्या दंडात जोर कमी,
तो दांड्यात असू दे.

तेव्हा ह्यांनी खिशातला हात बाहेर काढला
आणि लांब दांडा वितीनं मोजला.
वीत हलत होती.
माप बरोबर आलं.

सुट्याच घेतल्या मग,
आठपासनं चोवीसपर्यंत, लागतील तेवढ्याच,
आणि प्लगची एक, आतनं रबर असलेली.
पेटी नको, घरी बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे.
अण्णांनी साठ रुपये सोडले,
चहा सांगितला,
आणि बिल सवयीनं ह्यांच्याच नावावर फाडलं.
मी काही बोलले नाही.
घडी घालून वहीत ठेवलं.

दूधवाल्या शिरगुप्पेची गाडी पहिली.
मागच्या चाकाचा नट सतरा, गंजून एकजीव झालेला.
पाय रोवला, लांब दांडा धरला,
हे शेजारी स्टुलावर,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून,
एक शब्द नाही.
शिरगुप्पे म्हणाला, "वैनी, मी लावू का जोर?"
"बस गप," हे म्हणाले.
नट कुरकुरला. परत कुरकुरला.
मग ढिला पडला, असा की मी मागं पडता पडता राहिले.

आज शनिवार. आठवडा झाला.
डबा दोनदा उलटा केला,
पोतं झटकलं,
गाडीखाली बॅटरी मारून बघितलं.
दहा नंबरची गोटी कुठंच नाही.

ह्यांना सांगितलं भीत भीत.
हे इतके हसले की चहा हिंदकळला, सांडला,
ह्या खेपेला हातामुळं नाही.
"माझ्या अकरा गेल्या, आक्काताई.
आता झालीस मिस्त्री."