एकोणसाठ अंश

रॉकफर्डमध्ये फेब्रुवारीची सकाळ.
माझ्या मोजणीत उणे अकरा, वर्नरच्या मोजणीत बारा.
गॅरेजचं दार गोठून जमिनीला चिकटलेलं,
म्हणून आम्ही स्वयंपाकघरातून आत शिरतो,
मी आणि समोरच्या घरातला वर्नर एकस्ट्रम, वय शहाऐंशी.
तो उपड्या बादलीवर बसतो, काठी गुडघ्यांत धरून,
आणि कॉफीचा जुना डबा माझ्या बाकावर रिकामा करतो.

गिरमिटं. साठ-सत्तर तरी असतील.
दुकानात मी ड्रिल बिट म्हणते,
इथे, कुणी ऐकत नसताना, गिरमिटं.
काही निळी पडलेली, काहींची टोकं गोल,
वर्गात कंटाळलेल्या पोराने चावलेल्या पेन्सिलीसारखी.
एक तर झिजून झिजून इतकं आखूड
की पाच वेढ्यांमधला एकच वेढा उरलाय.
"ते राहू दे," म्हणतो, आणि कोटाच्या खिशात टाकतो.

चाक सुरू करते.
आधी खरखरतं, मग त्याला सूर सापडतो.
"मधल्या रेषेपासून एकोणसाठ अंश. दोन्हीकडे सारखे."
कापणाऱ्या कडेला तो लिप म्हणतो,
म्हणून मीही ओठच म्हणते.
ओठ चाकाला टेकवायचा, दाबायचा नाही,
आणि मनगट जरासं खाली न्यायचं,
मागचं पोलाद उतरलं पाहिजे,
नाहीतर कापायचं सोडून ते नुसतं घासत बसतं.
अशी माणसं मी ऑफिसातल्या बैठकांत पाहिली आहेत.

ठिणग्या त्याला आता दिसत नाहीत, मोतीबिंदू.
विचारतो, कशा आहेत?
लाल, आखूड, आळशी.
"मग हायस्पीड. घाबरू नकोस.
पांढऱ्या फुटल्या तर जुनं कार्बनचं,
ते सारखं बुडवत राहा, टेम्पर जाईल."
त्याच्या भाषेत टेम्पर जातो, माझ्या भाषेत पाणी.
पाणी जाऊ नये म्हणून पाण्याचा मग शेजारी,
वर पातळ बर्फाची साय.

पहिलं गिरमिट पट्टीवर लावलं.
कीस एकाच बाजूने निघाला, भोक ऐसपैस.
"एक ओठ लांब झालाय."
न बघता कसं कळलं?
"तू ऐकत नाहीस का?"
मी ऐकलं. मला मोटरच ऐकू आली.

मध्येच सांगलीहून बहिणीचा फोन.
अगं, नवीन मिळत नाहीत का तिकडे?
मिळतात. नऊ डॉलरला तेरा, प्लास्टिकच्या डबीत.
मग?
मग काय, म्हटलं, नंतर करते फोन.

मग हे, सुमन,
की त्याच्या मागच्या पायऱ्यांना कठडा लावायचाय.
नोव्हेंबरात तो तिथे पडला, मला माहीत आहे.
मला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे.
आम्ही कोनाबद्दल बोलतो.

सातव्या खेपेला, की नवव्या,
भोकातून दोन कुरळे तार वर आले,
उजवा आणि डावा, एकाच लांबीचे,
गरम, निळसर, जिन्यासारखे पिळलेले.
आणि आवाज. आवाजच नव्हता जवळजवळ,
रेशीम फाडताना येतो तेवढाच.
वर्नर काही बोलला नाही.
काठी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ वितळला.
कठड्याची अकरा भोकं पडली,
बारावं भिंत आणि खांबाच्या बेचक्यात,
तिथे ना लांब गिरमिट मावे, ना माझा हात नीट.
मी मनातल्या मनात शिव्या देत होते, मराठीत.
त्याने खिशात हात घातला,
तो एका वेढ्याचा तुकडा काढला,
आधी नखावर टोक घासून बघितलं,
मग दिला.

संध्याकाळी तो एकटा उतरला,
एक पायरी, दोन, मग थांबला.
कठड्यावर तळवा तसाच ठेवून कान तिरका केला.
"तिसरा बोल्ट," म्हणाला, "अर्धा आटा सैल आहे."

होता.