खाराम गांगुर्डे

जुना प्रोग्राम प्रत्येक बोलीला
सगळा फलक पुसायचा, सगळा परत लिहायचा.
चारशे ओळी, एका क्रेटच्या पाच रुपयांसाठी.
पिंपळगावला टोमॅटोचा लिलाव रंगात आला
की फलक असा लुकलुकायचा
की गाड्यांवर उभी माणसं डोळे चोळायची
आणि बोडके सर फोनवर म्हणायचे,
"मॅडम, तुमच्या टीव्हीला ताप आलाय."

मी अंबडला, तिसऱ्या मजल्यावर.
खाली पत्र्याच्या शेडमध्ये प्रेस,
दर चार सेकंदांनी टेबलाला एक धक्का.
त्या ठेक्यात मी एवढंच बदललं:
प्रत्येक रकान्याला एक खूण दिली, 'मळला' नावाची.
भाव हलला की रकाना मळतो.
मळलेलाच धुवायचा, बाकीच्यांना हात लावायचा नाही.
आणि एकावर लागोपाठ सात बोल्या आल्या
तर सहा सोडायच्या, शेवटची दाखवायची.
सहाव्याला वाईट वाटेल, मी म्हटलं.
सर म्हणाले, त्याला आधीपासून वाटतंच.

फलक शांत झाला. मेमरी चढत राहिली.
सकाळी दोनशे एमबी, दुपारी नऊशे,
गंगापूर धरणाच्या पातळीसारखा आलेख,
फक्त याला दरवाजे नव्हते.
रात्री बाराला मशीन बंद करायचं, चालू करायचं.
दोन महिने आम्ही याला उपाय म्हणत होतो.

नियम सोपा आहे:
नोंदीकडे कुणाचं तरी बोट असेल तोवर ती राहते,
शेवटचं बोट खाली आलं की जागा मोकळी.
बोटं मोजत मोजत गुरुवारी पहाटे तीनला
मी गाळा त्रेचाळीसपाशी पोचले.
बाळनाथ सखाराम गांगुर्डे.
परवाना मागच्या दिवाळीत बंद,
माणूस त्याच्याही आधी.
पण बाराशे सहाव्या ओळीवर एक फंक्शन
अजून कान लावून बसलेलं, त्यांच्या बोलीसाठी,
आणि रोजचे सगळे भाव राखून ठेवत होतं,
आले की दाखवू म्हणून.

मी त्यांना एकदाच भेटले, फलक बसवताना.
खिशाला दोन पेनं, एक न चालणारं.
म्हणाले, "सखाराम पूर्ण लिहा हां. नुसता स नको."

एक ओळ घातली. कान काढून घेतला.
शुक्रवारी आलेख आडवा.

पण मोकळं करणं म्हणजे पुसणं नव्हे.
पुसायला वेळ लागतो, तो कुणी देत नाही.
दारावर फक्त 'रिकामी' अशी पाटी लागते,
सामान आतच असतं.

सोमवारी नवा व्यापारी आला, यश घुगे.
मशीनने त्याला नेमकी तीच जागा दिली.
मी डिबगर उघडला, उगाच.
यश घुगे.
मग नाव संपल्याचं शून्य,
प्रोग्राम इथंच थांबतो, पुढं बघत नाही.
पुढं एक फुटकं अक्षर, अर्धा स असावा,
आणि मग सलग, स्वच्छ,
खाराम गांगुर्डे.

खालची प्रेस थांबली. जेवणाची सुट्टी.
बोडके सरांचा मेसेज: आज टीव्ही बरा आहे.

जागा शून्यांनी भरून टाकायची एक आज्ञा असते.
एका ओळीची. मला पाठ आहे.
मी डबा उघडला.