तुझा

माझं काम मागच्या रेघेकडे बघत बसणं.
मोन्तेविदेओ, नोव्हेंबर, कोर्ट क्रमांक चार,
महिला दुहेरीची पहिली फेरी, प्रेक्षक एकोणीस,
त्यातले दोन माळी.
वारा नदीवरून येतो.
तिला नदी म्हणावं की समुद्र,
हा निकाल आमच्या शहरानं अजून दिलेला नाही.
मी मात्र निकाल पाव सेकंदात द्यायचा.

पुढच्या वर्षी माझ्या जागी कॅमेरा येणार आहे.
त्याचे गुडघे दुखणार नाहीत,
त्याला कडू पानांच्या चहाचा थर्मास लागणार नाही,
आणि या दोघी कालपासून बोलत नाहीत
हे त्याला दिसणार नाही.

हिमेना एचेवेरी, इथलीच, पोसितोसची,
सर्व्हिसआधी चेंडू तीनदा आपटते, चौथ्यांदा विचार करते.
इल्डिको साल्मा, हंगेरीतल्या सेगेदची, डावखुरी,
गुडघ्याला निळी पट्टी.
सहा हंगाम एका खोलीत राहिल्या,
एका साबणानं मोजे धुतले,
बक्षिसातून तारांचे पैसे वजा करून
उरलेलं निम्मं निम्मं, आणि वरचा एखादा डॉलर
कॉफीला.
काल रात्री इल्डिकोला मेसेज आला:
वरच्या क्रमांकाच्या कुणाला तरी
जानेवारीपासून जोडीदारीण हवी आहे.
कपडे बदलायच्या खोलीच्या भिंती पातळ,
आणि आम्ही रेघवाल्या बायका म्हणजे तिथलं फर्निचर.

नेटपाशी उभी असलेली
पाठीमागे हात नेऊन मागचीला बोटं दाखवते:
एक बोट म्हणजे आडवी पळेन,
दोन म्हणजे पळाल्यासारखं करेन,
मूठ म्हणजे जागची हलणार नाही.
आज हिमेनाचा हात दर वेळी पाठीमागे गेला.
मूठ.
मूठ.
पुन्हा मूठ.

पहिला सेट यांचा. दुसरा समोरच्या पोरींचा,
दोघी जेमतेम विशीच्या,
गुण गेला तरी एकमेकींना टाळी देणाऱ्या.
मग तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांची ती झटापट.
नऊ-आठ, यांच्या बाजूनं.

समोरून लॉब आला, उंच.
वाऱ्यानं तो धरला, सोडला, परत धरला.
दोघी पाठमोऱ्या धावल्या,
दोघींच्या खांद्यांत हातभर अंतर,
आणि कालपासूनचा पहिला शब्द
दोन्ही तोंडांतून एकदमच निघाला.
हिमेना ओरडली, तिएद!
इल्डिको ओरडली, तुया!
हिनं तिच्या भाषेत, तिनं हिच्या.
अर्थ एकच: तुझा.
(घरी फोन वाजला की मी आणि माझी बहीण
नेमकं हेच करतो.)

दोन रॅकेटी वर गेल्या, दोन्ही तशाच खाली आल्या.
चेंडू मधोमध, लाल मातीत,
टप्प.

माझा हात तोवर उठलेला होता.
बाहेर.

पोरींना पटलं नाही. पंच खुर्चीवरून उतरली,
ओणवी झाली, ठशाभोवती बोट फिरवलं.
ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे,
विटांच्या चुऱ्यावर ठोकलेली पांढरी पट्टी,
तिचा एक खिळा मार्चपासून सैल आहे.
पण पट्टी आणि ठसा यांच्यामध्ये
नखभर माती होती,
आणि नखभर म्हणजे नखभर.

अशा जिंकल्या, कुणीच न मारलेल्या चेंडूवर.
टाळ्या वाजल्या, माळ्यांच्या जरा जास्त.
मिठी नाही, उडी नाही.
हिमेना बाकावर बसून बूट झटकत राहिली,
इल्डिकोनं केळं मोडलं
आणि मोठा तुकडा कोणता ते बघत बसली.

मुलं जाळीची चटई ओढत आली,
ठसा पुसला.
मी थर्मास आवरत होते तेव्हा
दोघींपैकी एक म्हणाली,
उद्या किती वाजता?
अकरा.
मग बराच वेळ काहीच नाही, नुसता वारा.
मग दुसरी:
साबण संपलाय.