चौतीस ग्राहक

माणसांचं बोलणं विकून संपलं तेव्हा
कंपनीनं मला तिसऱ्या मजल्यावर पाठवलं.
प्वेर्तो मोंत. खिडकीत बंदर, दारावर नवी पाटी :
यंत्र-संवाद विभाग.
विभागात मी, एक हीटर,
आणि बंद पडलेल्या कॉल सेंटरचे सत्तावीस हेडफोन
खोक्यात, एकमेकांच्या गळ्यात पडलेले.

ओयार्सोसाहेब म्हणाले, एदेल्मिरा,
माणसाला तोंड एकच, आणि तेही आता फुकटात बोलतं.
तू यंत्रं मोज.
लिफ्ट, बर्फाची कोठी, दुधाची टाकी, धक्क्यावरचा दिवा.
ती रात्री दोनला बोलतात,
आपले टॉवर जांभया देत असतात तेव्हा.
घासाघीस नाही, रुसवे नाहीत,
आणि सिम आतच डाख देऊन बसवलेलं,
म्हणजे दुसऱ्या कंपनीचा हात धरून पळायची सोय नाही.
एकेकाची मिळकत चिल्लर, हे खरं.
पण चिल्लरच वाजते, असं म्हणून ते स्वतःच हसले.

याआधी मी रात्री दहानंतरची मिनिटं विकायचे.
खलाश्यांच्या बायका घ्यायच्या, कॉलेजातली पोरं घ्यायची.
कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं,
बिलाच्या लांबीवरून कळायचं मला.

टॉवर चारशे सतरा. बेटाला नाव आहे,
तक्त्यात मात्र फक्त हा आकडा, लाल शाईत.
माणसं बासष्ट, बोलणं बेताचं. शेरा : उतरवावा.
मी बोटीनं गेले. रेमिखिओ उइचापानी
टॉवरवरून पक्ष्यांची घरटी काढून खाली येत होता,
अंडी टोपीत. म्हणाला, ही कुठे ठेवू?
जणू तेही माझ्याच खात्यात येत होतं.

खाडीत सामन माशांचे पिंजरे होते.
प्रत्येक पिंजऱ्यात एक संवेदक,
दर दहा मिनिटांनी एकच वाक्य :
ऑक्सिजन आठ पूर्णांक चार.
चौतीस संवेदक. दहा वर्षांचा करार.
अट माझीच, मीच टंकलेली :
जोवर उपकरणं बोलतील, तोवर टॉवर राहील.
तक्ता काळ्या शाईत आला.
साहेबांनी केक मागवला, रास्पबेरीचा,
दोघांना फारच मोठा.

तीन वर्षांनी मासे दक्षिणेला गेले.
म्हणजे कंपनी गेली. पिंजरे ओढून नेले,
संवेदक जुने म्हणून शेडमध्ये टाकले, गवतात.
दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर
चौतीस ओळी, एकसारख्या :
पाणी नाही. पाणी नाही. पाणी नाही.
मग बॅटऱ्या उतरायला लागल्या.
एकतीस. सव्वीस. एकोणीस.
इतकी वर्षं बिलं वाचली मी,
पण गप्प होत जाणारा ग्राहक असा मोजला नव्हता.

आठ उरले होते तेव्हा गुरुवारी
एक जण परत बोलला.
ऑक्सिजन नऊ पूर्णांक एक.
मग अजून एक. रविवारपर्यंत चौतीस.
समुद्रात असं पाणी नसतं, एवढं मला कळतं.
हे गोडं पाणी. थंड, ताजं, विहिरीचं.

फोन केला.
रेमिखिओनं बराच वेळ उचलला नाही, मग धापा टाकत,
बाई, बादल्या दोनच आहेत, पाळीपाळीनं बुडवतो.
बॅटऱ्या शाळेत चार्ज होतात, मास्तरीण काही बोलत नाही.
रविवारी पोरीचा फोन असतो, पुंता आरेनासहून.
तेवढा टॉवर हवा.
मी विचारलं, पाणी रोज बदलता का?
तो म्हणाला, नाहीतर त्यांनी बोलायचं काय?

सामनवाल्यांचं बिल दर महिन्याला जातं, दर महिन्याला भरलं जातं.
इतकं लहान, की कुणी उघडून बघत नाही.
चिल्लर वाजते म्हणतात. ही नाही वाजत.

करार संपायला सहा वर्षं, दोन महिने.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं :
ग्राहक समाधानी.
आणि हीटर बंद करून घरी गेले.